बावीस अक्षरांचा पासवर्ड

कंपनीत तिला समोर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे शिक्केवाली. तिला दोन्ही नावं ठाऊक होती, आणि खरं सांगायचं तर दुसरंच नाव तिला जास्त आवडायचं.

कंपनी छोटीशीच. दवाखान्यात रुग्णाच्या शिरेत मोजूनमापून औषध सोडणारे पंप असतात ना, त्या पंपांच्या पोटात चालणारं सॉफ्टवेअर ही कंपनी लिहायची. लिहिणारे पंधरा जण होते, पण लिहिलेलं कुठलंही अपडेट शिक्केवालीच्या टेबलावरून गेल्याशिवाय दाराबाहेर पडत नसे. त्यावर ती कंपनीचा डिजिटल शिक्का मारायची. पंपाला माणसं ओळखता येत नाहीत. नवं अपडेट आलं की तो एवढंच बघतो, शिक्का आपल्या घरचा आहे का. असला तर मुकाट्याने घेतो, नसला तर तोंड फिरवतो.

हा शिक्का म्हणजे खरं तर एक फाईल होती. सर्टिफिकेट आणि त्याची गुप्त किल्ली, दोन्ही एकत्र बांधलेली. ती ज्याच्या हाती लागेल त्याच्या हाती चाळीस दवाखान्यांतले तेवीसशे पंप. म्हणून मालकांनी, म्हणजे ज्यांना सगळे भाऊ म्हणत त्यांनी, बारा वर्षांपूर्वी एक पद्धत घालून दिली होती. फाईलला बावीस अक्षरांचा पासवर्ड. पहिली अकरा भाऊंच्या डोक्यात, उरलेली अकरा शिक्केवालीच्या. कागदावर एकसुद्धा नाही. शिक्का मारायच्या दिवशी भाऊ तिच्या खोलीत येत, चष्मा कपाळावर चढवत, दोन बोटांनी टकटक करत आपली अक्षरं भरत आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहत. मग ती आपली भरायची.

"भाऊ, एखाद्या दिवशी विसरलात तर?" तिने एकदा विचारलं होतं.

"जेवायचं विसरेन, पण ही अकरा अक्षरं नाही," भाऊ म्हणाले होते. आणि जेवायचं ते खरोखरच विसरत, त्यामुळे तिचा विश्वास बसला होता.

तेरा महिन्यांपूर्वी कपाटातला तो जुना संगणक धापा टाकू लागला आणि शिक्का क्लाउडवरच्या तिजोरीत हलवायचं ठरलं. क्लाउडचं सगळं काम एक चाळिशीकडे झुकलेला इंजिनियर बघायचा. शिक्केवालीने त्याचं नाव ढगवाला ठेवलं होतं, आणि सहा महिन्यांत त्याची बायकोही त्याला त्याच नावाने हाक मारायला लागली होती. हलवायच्या दिवशी भाऊंनी आपली अकरा अक्षरं भरली, तिने आपली भरली, फाईल आत गेली. भाऊ समाधानाने म्हणाले, "तिजोरी त्यांची, कुलूप आपलं. आता काळजी नाही."

त्यानंतर त्या बावीस अक्षरांची गरजच पडली नाही. शिक्का मारणारा संगणक थेट तिजोरीला विचारायचा आणि काम व्हायचं.

वर्षातून एकदा शिक्केवाली एक तालीम घ्यायची. उद्या हा संगणक जळाला तर दुसऱ्यावर सगळं परत उभं करता येईल का, हे ती स्वतःच्या हाताने करून बघायची. त्या मंगळवारी सकाळी तिने कोपऱ्यातला एक पडीक संगणक पुसून-बिसून चालू केला, तिजोरीतून फाईल उतरवून त्यावर घेतली आणि भाऊंना फोन केला.

"तालीम आहे. अक्षरं घेऊन या."

"डोक्यातच आहेत की! दहा मिनिटांत येतो."

तिने फाईल उघडायला घेतली. पासवर्ड मागणारी चौकट आली. भाऊ येईपर्यंत करायचं काय, म्हणून ती ओल्या फडक्याने कीबोर्डवरची धूळ पुसू लागली. पुसता पुसता एंटर दाबलं गेलं.

फाईल उघडली.

ती फडकं हातात धरून तशीच बसून राहिली. चौकट रिकामी होती. एकही अक्षर न भरता कंपनीचा शिक्का तिच्यासमोर उघडा पडला होता. तिने सगळं पुसून टाकलं, फाईल पुन्हा उतरवली, पुन्हा रिकाम्या चौकटीवर एंटर दाबलं. पुन्हा उघडली.

भाऊ आले तेव्हा चष्मा आधीच कपाळावर होता. "चला, सरका."

"भाऊ, बसा आधी. तुमची अक्षरं लागणार नाहीत."

तिने उतरवलेली तीच फाईल त्यांच्यासमोर तिसऱ्यांदा उघडून दाखवली. भाऊ हसले. "ही दुसरीच कुठली तरी फाईल असेल हो." तिने सर्टिफिकेटचा क्रमांक जुन्या नोंदवहीतल्या क्रमांकाशी एकेक अंक बोट ठेवून जुळवला. शेवटच्या अंकापर्यंत भाऊंचं हसू पुरलं नाही.

ढगवाल्याला बोलावलं. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, मग खुर्ची ओढून दहा मिनिटं काहीबाही वाचलं आणि मान वर न करताच सांगितलं, "ताई, पासवर्ड फक्त फाईल आत घालताना लागतो. आत गेली की तिजोरी तो पासवर्ड ठेवत नाही. बाहेर काढली की विनापासवर्डच निघते. तसं त्यांनी लिहिलेलं आहे."

"कुठे?"

"माहितीच्या पानांत."

"तू वाचलं होतंस?"

"आत्ता वाचलं."

म्हणजे झालं असं होतं, की यांनी कुलूपबंद पेटी तिजोरीत ठेवायला दिली, तिजोरीवाल्यांनी यांच्याच किल्लीने पेटी उघडून माल आत ठेवला आणि पेटी फेकून दिली. तेरा महिने हे दोघे त्या फेकलेल्या पेटीचं कुलूप डोक्यात जपत बसले होते.

"तिजोरीतून फाईल बाहेर काढायची परवानगी किती जणांना आहे?" शिक्केवालीने विचारलं.

ढगवाल्याने यादी काढली. चौदा नावं. त्यात एक कंत्राटी माणूस, जो आठ महिन्यांपूर्वीच काम सोडून गेला होता.

"ही यादी दुपारच्या आत तिघांवर आण," ती म्हणाली. "आणि आत्तापर्यंत फाईल कुणी कुणी उतरवली त्याची नोंद दाखव."

"नोंद नव्वद दिवसांचीच राहते, ताई. त्याआधीची आपोआप पुसली जाते. तसं मीच..." त्याने वाक्य अर्धं सोडलं.

"शिव्या नंतर खा. नोंद काढ."

नव्वद दिवसांत फाईल तीनदा उतरवली गेली होती. दोन खेपा आजच्या, तिच्याच. तिसरी बावन्न दिवसांपूर्वीची, आणि तिच्यापुढे भाऊंचं नाव होतं.

दोघांनी भाऊंकडे पाहिलं.

"हो, घेतली होती मी," भाऊ म्हणाले. "त्यात काय? तुम्ही म्हणता क्लाउडवर ठेवलंय. उद्या तो क्लाउडच बंद पडला तर? म्हटलं, एक प्रत आपल्या खिशात असावी. आणि पासवर्ड होता ना तिला!" शेवटचं वाक्य बोलून झाल्यावर ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. त्यांनी घाईघाईने खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला एक पेनड्राइव्ह लटकत होता. "हा बघा. इथेच आहे. बावन्न दिवस माझ्या खिशात आहे, कुठे गेला नाही."

ढगवाल्याच्या जिवात जीव आला. शिक्केवालीच्या नाही आला. "या पेनड्राइव्हवर आणखी काय आहे, भाऊ?"

"आणखी काय असणार? प्रदर्शनाची माहितीपत्रकं होती."

"ती छापली कुठे?"

भाऊंनी जुडगा टेबलावर ठेवला. "कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात."

दुकान चालत पाच मिनिटांवर होतं. तापलेल्या कागदाचा वास, दोन यंत्रं, भिंतीला लावलेला एक संगणक, आणि काउंटरमागे तोंडात पेन्सिल धरलेली बाई. भाऊंना बघून ती लगेच म्हणाली, "या, या. पत्रकं संपली वाटतं? माझ्याकडे आहेत अजून, परत पेनड्राइव्ह आणायची गरज नाही."

"तुमच्याकडे कशी काय?" शिक्केवालीने विचारलं.

"अहो, गर्दी असते ना. कुणाची कुठली फाईल शोधत बसू? मी अख्खा पेनड्राइव्ह उतरवून घेते आणि मग निवांत छापते. लोक परत येतात, त्यांनाही सोपं जातं." तिने स्क्रीन यांच्याकडे वळवली. भाऊंच्या आडनावाचं एक फोल्डर होतं. त्यात माहितीपत्रकं, भाऊंच्या नातीचे पोहण्याच्या स्पर्धेतले फोटो, आणि त्या दोहोंच्या मधोमध कंपनीचा शिक्का.

"हा संगणक कोण कोण वापरतं?"

"मी. आणि गिऱ्हाइकं. आपापलं शोधून घेतात, मला बोलावत नाहीत. शहाणी आहेत माझी गिऱ्हाइकं."

भाऊ तिथल्या स्टुलावर बसले. शिक्केवालीने बाईची परवानगी घेऊन ती फाईल पुसली, कचऱ्याच्या टोपलीतूनही काढली आणि दुसरी कुठे प्रत आहे का तेही पाहिलं. तिच्या नजरेला तरी दुसरी प्रत आढळली नाही. पण बावन्न दिवसांत या संगणकासमोर किती माणसं बसून गेली आणि कुणी काय उचलून नेलं, हे सांगणारा देव त्या दुकानात नव्हता.

"एवढं काय होतं हो त्यात?" बाईने विचारलं. शिक्केवालीने सांगितलं, "आमच्या घराची किल्ली होती असं समजा. चूक आमची, तुमची नाही. पण यापुढे छापून झालं की पुसत जा."

परतताना कंपनीचं दार दिसू लागलं तसे भाऊ बोलायला लागले. "हे बघा ताई. तिथे येणारे लोक अर्ज छापायला येतात, निबंध छापायला येतात. आपली फाईल म्हणजे काय, हे त्यांना कळणारही नाही. आपण नवा शिक्का घेऊ. हळूहळू जुना बाजूला करू. बोभाटा कशाला? दवाखान्यांना पत्रं नकोत. बारा वर्षं नाव कमावलंय."

"मी उद्या सांगते," ती एवढंच म्हणाली.

शिक्केवाली आणि तिची धाकटी बहीण एकाच घरात राहायच्या. धाकटी मोठ्या दवाखान्यात नर्स होती, अतिदक्षता विभागात. संध्याकाळी दोघी भाजी निवडत बसल्या असताना तिने धाकटीला विचारलं, "तुमच्याकडे आमचे पंप किती आहेत ग?"

"आमच्या विभागात अकरा. का?"

"पंपावर दिसणारा आकडा आणि खरंच जाणारं औषध, यांचा मेळ तुम्ही कसा बघता?"

धाकटी हसली. "वेडी का तू? एका वेळी चार रुग्ण असतात माझ्याकडे. पंप सांगतो तासाला पाच, म्हणजे तासाला पाच. त्यासाठीच तर पंप लावतो. नाहीतर आम्ही हातानेच नाही का दिलं असतं?" मग बहिणीचा चेहरा बघून तिने हातातली जुडी खाली ठेवली. "काय झालंय?"

शिक्केवालीने काहीही न लपवता सगळं सांगितलं.

धाकटी उठून खिडकीपाशी गेली आणि परत आली. "आणि भाऊ म्हणतात सांगू नका?"

"हो."

"तुला काय वाटतं, ते मी विचारत नाही," धाकटी म्हणाली. "उद्या त्या अकरा पंपांसमोर मी उभी राहणार आहे. मला आता माहीत आहे. बाकीच्यांना माहीत नाही. एवढंच सांगते." आणि तिने पुन्हा भाजी निवडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्केवाली भाऊंच्या खोलीत गेली आणि बसली नाही. "भाऊ, गुरुवारी जे अपडेट जायचंय त्यावर मी शिक्का मारणार नाही. या शिक्क्याने आता एकच अपडेट जाईल. ते पंपांना सांगेल, की हा जुना शिक्का मेला, यापुढे हा नवा ओळखा. आणि त्याआधी चाळीस दवाखान्यांना पत्रं जातील."

भाऊ तापले. बारा वर्षांत ते तिच्यावर पहिल्यांदाच तापले. "मालक कोण आहे इथला?"

"तुम्हीच."

"मग शिक्का दुसरं कुणीतरी मारेल."

"मारू दे. परवानगी असलेले तिघं आहेत, त्यातले एक तुम्ही. मारा."

तिने आवाज चढवला नाही. टेबलावरचा फोन उचलला, एका दवाखान्याच्या यंत्रविभागाचा नंबर फिरवला आणि फोन त्यांच्यासमोर धरला. "एक करा. पलीकडून उचलतील त्यांना एवढंच सांगा, की आमचा शिक्का आमच्याशिवाय कुणाकडेही नाही. तुमच्या तोंडून हे वाक्य निघालं, की मी खाली जाते आणि गुरुवारचं अपडेट पाठवते. पुन्हा या विषयावर एक शब्द बोलणार नाही."

पलीकडे कुणीतरी उचललं. "हॅलो? हॅलो, कोण बोलतंय?"

भाऊंनी फोन कानाला लावला. तोंड उघडलं. पलीकडचा माणूस पुन्हा हॅलो म्हणाला. भाऊंच्या कपाळावरचा चष्मा घसरून नाकावर आला आणि त्यामागचे डोळे भरून आलेले तिने पाहिले.

"नमस्कार," भाऊ शेवटी म्हणाले. "पंपांच्या कंपनीतून बोलतोय. तुम्हाला आज आमच्याकडून एक पत्र येईल. ते नीट वाचा. हो, गंभीर आहे. चूक आमच्याकडून झालीये. माझ्याकडून."

पत्र त्यांनी स्वतः लिहिलं. शिक्केवालीने त्यातले 'संभाव्य', 'तांत्रिक कारणास्तव' असले शब्द खोडले आणि काय घडलं ते सरळ लिहायला लावलं. पेनड्राइव्हचं वाक्य भाऊंनी तीनदा खोडलं आणि तीनदा परत लिहिलं.

मग कामाला तोंड लागलं. पहिल्यांदा नवा शिक्का. ढगवाल्याने या वेळी माहितीचं पान न् पान वाचलं, आणि न विचारता शिक्केवालीलाही वाचून दाखवलं. नवी किल्ली बाहेर बनवून आत घालायचीच नाही. ती तिजोरीच्या आतल्या, खास त्यासाठीच बनवलेल्या यंत्रात जन्माला येईल आणि तिथेच राहील. अपडेट आत पाठवायचं, शिक्का मारून बाहेर घ्यायचं. किल्ली स्वतः कधीच बाहेर येणार नाही. आणि प्रत्येक वेळी दोन माणसांनी होकार दिल्याशिवाय शिक्का उठणार नाही.

"आपल्यालाही काढता येणार नाही?" भाऊंनी विचारलं.

"आपल्यालाही नाही."

"मग ती आपली कशी म्हणायची?"

"आपलं काम करते म्हणून आपली," शिक्केवाली म्हणाली. आणि तेवढ्यावर न थांबता तिने एक अख्खी दुपार ती किल्ली बाहेर काढायच्या प्रयत्नात घालवली. मालकाच्या परवानगीने, ढगवाल्याच्या परवानगीने, आडून, वळसा घालून. ढगवाला शेजारी बसून आणखी वाटा सुचवत होता. एकविसाव्या नकारानंतर ती म्हणाली, "आता मला झोप लागेल."

पत्रं पोचल्यावर दोन दिवस फोन ठणाणत राहिले. कुणी शांतपणे ऐकून घेतलं, कुणी भाऊंना नको नको ते सुनावलं. धाकटीच्या दवाखान्यात तर यंत्रविभागाच्या प्रमुखांनी तिला विभागातून बोलावून विचारलं, "हे तुमच्या बहिणीच्या कंपनीचं ना?" घरी येऊन तिने ते सांगितलं.

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, हो. तिनेच शोधून काढलं, आणि तिनेच सांगायला लावलं. मग त्यांनी मला चहा पाजला."

ढगवाल्याची कंबर बसायची पाळी आली. जोडलेले पंप, म्हणजे दवाखान्याच्या नेटवर्कवर असलेले, एकोणीसशे दहा. ते नऊ दिवसांत बदलले. उरले तीनशे नव्वद. हे कुठल्याच नेटवर्कवर नव्हते. प्रत्येकापुढे वायर घेऊन जाऊन उभं राहायचं, दुसरा इलाज नव्हता. शिक्केवालीने भिंतीवर मोठा कागद लावला आणि तीनशे नव्वद क्रमांक हाताने लिहिले. जुना शिक्का रद्द करायची तारीख तिने वर लाल शाईने लिहिली. तालमीच्या त्या मंगळवारपासून एकविसावा दिवस. कुणी म्हणालं, थोडी पुढे ढकलू या. ती म्हणाली, "ती फाईल ज्याच्याकडे असेल, तो पुढे ढकलणार आहे का?"

कंपनीत ज्याला वायर जोडता येत होती तो प्रत्येक जण बाहेर पडला. त्रेसष्ट वर्षांचे भाऊही पाठीवर पिशवी टाकून बसने गावोगाव फिरले. एका दवाखान्यात त्यांना नवा भरती झालेला तंत्रज्ञ समजून एका नर्सने दिवाही बदलायला लावला. त्यांनी तो बदलला. संध्याकाळी ऑफिसात येऊन ते क्रमांक खोडत आणि आज कोण काय बोललं ते सांगत. आपल्याला किती ऐकून घ्यावं लागलं, हे त्यांनी कधी दडवलं नाही.

विसाव्या दिवशी कागदावर एकच क्रमांक उरला. गावाबाहेरच्या एका छोट्या प्रसूतिगृहाचा. तिथल्या मेट्रन फोनवर म्हणाल्या, "तो पंप आम्ही दोन वर्षं वापरलेला नाही. बंद आहे. कुठे आहे तेही आठवत नाही. त्याची कसली काळजी करता?"

"फेकून दिलेला नाही ना?"

"नाही, आहे इथेच कुठेतरी."

"मग मी येते."

दोन बसगाड्या बदलून शिक्केवाली तिथे पोचली. मेट्रनबाईंनी नाराजीने कपाटं उघडून दिली. तिसऱ्या कपाटात, धुतलेल्या चादरींच्या ढिगामागे, पंप सापडला. बॅटरी पार मेली होती. चार्जिंगला लावून ती एका बाकावर बसून राहिली, पुरे दोन तास. मध्ये एकदा आतून नवजात बाळाचं रडणं ऐकू आलं आणि मेट्रनबाई धावत गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मवाळ झाला होता. "मुलगी झाली," त्या म्हणाल्या, आणि मग, "तुम्ही काही खाल्लंत का?"

पंप जागा झाला. तिने वायर जोडली, अपडेट चढवलं. मग खात्री करायला तिने जुन्या शिक्क्याची एक फाईल मुद्दाम त्याच्या पुढ्यात टाकली. पंपाच्या इवल्याशा पडद्यावर अक्षरं उमटली: शिक्का अमान्य. तिने मेट्रनबाईंना ते दाखवलं. त्यांना फारसं कळलं नाही, पण एवढ्या लांबून आलेली बाई खूश आहे, एवढं मात्र कळलं.

एकविसाव्या दिवशी सकाळी दहा वाजता तिघं तिच्या खोलीत बसले. ज्या संस्थेने सर्टिफिकेट दिलं होतं, तिच्याकडे ते रद्द करायचा अर्ज स्क्रीनवर उघडा होता. त्यात पहिला प्रश्न, रद्द करण्याचं कारण. खाली पर्याय होते. 'नवं सर्टिफिकेट घेतलं', 'कंपनी बंद झाली', 'किल्ली उघड झाली'.

"पहिलं निवडलं तरी चालेल बहुतेक," ढगवाला हळूच म्हणाला. "खोटं नाहीये ते. नवं तर घेतलंच आहे."

शिक्केवालीने माऊस भाऊंकडे सरकवला. भाऊंनी पर्याय वाचले, आणि शेवटचा निवडला.

दुसरा प्रश्न, किल्ली कधीपासून उघड झाली. ढगवाल्याने बावन्न आणि एकवीस असा हिशेब करून पेनड्राइव्हची तारीख सांगितली. भाऊंनी मान हलवली. "ती मला माहीत असलेली तारीख झाली. त्याआधी चौदा जणांना परवानगी होती आणि नोंद नव्वद दिवसांची. काय झालं असेल ते आपल्याला माहीत नाही. ज्या दिवशी फाईल तिजोरीत घातली ती तारीख घाला."

"भाऊ, मग त्या तेरा महिन्यांतल्या सगळ्या अपडेटांवरचे शिक्के बाद होतील," ढगवाला म्हणाला. "सगळी पुन्हा तपासून नव्या शिक्क्याने द्यावी लागतील. आठ आहेत."

"आठ ना? ऐंशी तर नाहीत. घाला."

तारीख घातली. शिक्केवालीने अर्ज वरपासून खालपर्यंत एकदा मोठ्याने वाचला आणि पाठवून दिला. दुपारपर्यंत संस्थेचं उत्तर आलं. सर्टिफिकेट रद्द.

पुढच्या महिन्यात दोन दवाखान्यांनी कंपनीशी काम थांबवलं. भाऊंनी दोघांनाही स्वतः जाऊन निरोप दिला. बाकीचे अडतीस राहिले. त्यातल्या एकाने तर, तुम्ही नवी किल्ली कशी ठेवता ते आम्हाला लिहून द्या, आम्हालाही तसंच करायचंय, असं कळवलं. ढगवाल्याने ते नऊ पानांत लिहून दिलं आणि पहिल्याच पानावर आपली चूक घातली.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी, संस्थेचं उत्तर येऊन पाच मिनिटंही झाली नव्हती, तेवढ्यात शिक्केवालीचा फोन वाजला. एका दवाखान्याच्या यंत्रविभागातला तंत्रज्ञ होता.

"ताई, पत्रात सांगितल्याप्रमाणे करून बघितलं. जुनी फाईल दिली तर पंप नाही म्हणतोय. असंच व्हायला हवं ना?"

"असंच," ती म्हणाली. "एकावर थांबू नका. मजल्यावरच्या सगळ्यांवर करून बघा, आणि क्रमांक मला पाठवा. मी इथेच बसले आहे."